अंबुजा टीचरांचा उपमा

चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीच्या शाळेत दिवसभर उभं राहून गणित शिकवायचं आणि मधल्या सुट्टीत डब्यातलं लोण्यात परतलेलं पनीर चिवडत बसायचं! डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला हा कीटो आहार सुरू होऊन आठवडा झाला नव्हता, तोच यामिनीला फळ्यावरचे आकडेही भाताच्या शितांसारखे दिसू लागले होते. भात बंद, इडली बंद, साखरेकडे तर बघायचंसुद्धा नाही.

शेजारी बसणाऱ्या अंबुजा टीचर तंजावरकडच्या मराठी. बाईमाणसाने भात सोडला म्हणजे उपास धरला, एवढंच त्यांना ठाऊक. आणि त्यांच्याकडे उपासाला भात चालत नाही, उपमा मात्र खुशाल चालतो. आज त्यांनी रव्याच्या गरम उपम्याचा डबाच तिच्यापुढे सरकवला.

"घे गं. भात नको, हे हलकं टिफिन तरी खा."

यामिनी वैतागली. रवाही चालत नाही, हे या बाईला आता कोण समजावणार? तेवढा जीव अंगात उरलाय कुठे!

"अहो, उपास नाहीये हा," ती कशीबशी म्हणाली.

"असू दे, मला सांगू नकोस. मूल व्हावं म्हणून धरलेला उपास बोलून दाखवायचा नसतो." अंबुजा टीचरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

वजन उतरल्याशिवाय दिवस राहणं कठीण, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. नवऱ्याखेरीज हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

यामिनीने पनीरचा डबा बंद केला. ज्या बाळासाठी उपमा सोडला होता, त्याच्याच नावाने तिने तो चाटूनपुसून संपवला.