शंभरपर्यंत कोंडलेला दम

मित्रांनो, तुमच्यापैकी जो कुणी कधी गायला किंवा वाजवायला स्टेजवर उभा राहिला असेल, त्याने मला पाहिलं असेल आणि तरी पाहिलं नसेल. मी माइकचा स्टँड आहे, चांगला जुना. तीन पाय, एक सरळ कणा, कण्याच्या टोकाला आडवा हात, आणि हात कण्याला जोडलेला असतो तिथे एक गुडघा. खांद्याच्या जागी गुडघा कसा, असं विचारू नका. आमच्यात असतो. त्या गुडघ्यात एक रबरी चकती आहे आणि ती आवळायला एक स्क्रू. माझी सगळी अब्रू त्या चकतीवर उभी होती, आणि मी ती कशी घालवली हेच मला आज सांगायचं आहे.

माझा जन्म एका नळ्यांच्या कारखान्यात झाला. माझ्याबरोबरच्या नळ्यांतल्या काही दवाखान्यातल्या खाटा झाल्या, काही कुबड्या झाल्या. मी तेवढा कलेच्या क्षेत्रात आलो, म्हणून पहिल्या दिवसापासून नाक वर. एकदा मोकळ्या मैदानावर कार्यक्रम चालू असताना असं वादळ आलं की तंबू उडाला, खुर्च्या उडाल्या, ढोलवादक माझा पाय धरून झेंड्यासारखा आडवा फडफडत राहिला, आणि मी जागचा हललो नाही. त्याने त्या अवस्थेतही ताल सोडला नाही. आणखी एकदा मध्यंतरात एक पाखरू माझ्या हातावर अंडं घालून गेलं आणि ते फुटू नये म्हणून गायिकेने उरलेली सगळी गाणी हळुवार निवडली. बरं, बरं, यातलं थोडं मी वाढवलेलं आहे. मात्र पुढे जे येतंय त्यात मी एक शब्दही वाढवणार नाही. वाढवायची हिंमतच होत नाही.

मला विकत घेतलं ते मामांनी. मामा तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करायचे. नोकरी संपल्यावर भाच्यांच्या गाण्याबजावण्याचं सगळं सामान त्यांनी अंगावर घेतलं. भाच्या दोन. थोरली गायची, दिवसा ती चष्म्याच्या दुकानात बसून लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची. धाकटी अकॉर्डियन वाजवायची आणि सगळ्यांना कामाला लावायची.

मामांना सूर कळायचा नाही, पण स्टेज कळायचं. कार्यक्रमाच्या तीन तास आधी ते हजर. आल्या आल्या चपला काढून स्टेजभर फिरायचे, कुठली फळी करकरते ते पायाला कळतं म्हणून. जमिनीवरची प्रत्येक वायर चिकटपट्टीने दाबायचे. "माणूस सुरात अडखळला तर लोक माफ करतात," ते म्हणायचे, "वायरीत अडखळला तर हसतात." माझ्या तीन पायांतला एक नेमका आडव्या हाताच्या खाली यायला हवा, नाहीतर स्टँड तोंडावर पडतो, हे त्यांनी धाकटीला इतक्यांदा सांगितलं होतं की ती त्यांच्याआधी वाक्य पुरं करायची. गाण्यांची यादी मोठ्या अक्षरांत लिहून ते थोरलीच्या पायाशी चिकटवायचे.

"मामा, मला पाठ आहेत रे," थोरली म्हणायची.

"घरी पाठ आहेत. इथे दिवे लागले की स्वतःचं नावही वाचून सांगशील."

मग साउंडवाला यंत्रापाशी बसला की मामा थेट शेवटच्या रांगेत जाऊन बसायचे. स्टेजवर जे ऐकू येतं ते खरं नसतं, खरं ते मागच्या खुर्चीवर, हा त्यांचा हेका. तिथे शब्द न् शब्द कळल्याशिवाय ते चहाला हात लावायचे नाहीत.

माझी परीक्षा याच्याही आधी व्हायची. थोरलीचा माइक लोकरीच्या मोज्यात असायचा आणि ती तो अगदी शेवटी, स्वतःच्या हाताने लावायची. त्याला तोवर कुणी शिवायचं नाही. म्हणून मामा माइकच्या वजनाचे, नट आवळायचे दोन पाने सुतळीने बांधून माझ्या हाताला टांगायचे आणि शंभर आकडे मोजायचे. लिफ्टच्या कामातली सवय. शंभरपर्यंत हात जागचा हलला नाही की माझ्या कण्यावर थाप. "शाबास. हा आपला माणूस." मित्रांनो, टाळ्या मी आयुष्यभर ऐकल्या, त्या दुसऱ्यांच्या होत्या. ही थाप मात्र माझी होती.

मग थोरलीच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, वर्षभर गायचं नाही, पहिले काही आठवडे तर बोलायचंही नाही. ती पाटीवर लिहून भांडायची. मी सरावाच्या खोलीत कोपऱ्यात उभा होतो. रिकामं उभं राहिलं की वय जास्त वेगाने चढतं. गुडघ्यातली चकती वाळली, गुळगुळीत झाली. मला ते कळत होतं. आणि त्याच कोपऱ्यात, माझ्या शेजारी, धाकटीने आणून ठेवलेला एक नवा कोरा स्टँड पिशवीत पडून होता.

वर्षाने डॉक्टरांनी मान डोलावली. रविवारी दुपारी, वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम ठरला. दीडशे खुर्च्या. थोरलीला गाता येतंय की नाही, हे त्या दुपारी ठरणार होतं. लोकांना नव्हे, तिचं तिलाच ठरवायचं होतं.

"नवा स्टँड घेऊ या ना," त्या दुपारी पिशवी स्टेजवर ठेवत धाकटी म्हणाली.

"नवा कुणी पाहिलाय? हा ओळखीचा आहे," मामा म्हणाले, आणि पाने टांगून मोजायला लागले.

साठाला माझ्या गुडघ्यात कळ आली. सत्तरला चकती सरकायला लागली. तेव्हाच मी वाकायला हवं होतं. सगळ्यांसमोर, निर्लज्जपणे, पाने जमिनीला टेकवून मोकळं व्हायला हवं होतं. पण तो नवा पिशवीतून बघत होता. मी दम कोंडला. ऐंशी. नव्वद. नव्व्याण्णवला माझ्यातली नळी न् नळी थरथरत होती. शंभर म्हणून मामांनी पाने काढले आणि माझ्या कण्यावर थाप मारली. "शाबास."

ती थाप मला अजून भाजते.

कार्यक्रम सुरू झाला आणि दुसऱ्याच गाण्यात थोरलीने डोळे मिटले. ते गाणं ती नेहमी डोळे मिटूनच गायची. पहिलं कडवं मी तग धरला. मग हात सरकायला लागला. पडला असता तर बरं झालं असतं. धाडकन आवाज झाला असता, लोक हसले असते, गाणं पुन्हा सुरू झालं असतं. मी पडलो नाही. मी बोटबोटभर खाली गेलो. हनुवटी, गळा, छाती. तिच्या पायाशी एक छोटा स्पीकर होता, त्यातून तिला स्वतःचा आवाज ऐकू यायचा, आणि तो आवाज बारीक बारीक होत चालला. मिटल्या डोळ्यांनी तिला एकच गोष्ट कळली: आवाज जातोय. तिने घसा ताणला. धाकटी मागे बसून अकॉर्डियनवर मान खाली घालून वाजवत होती. पुढच्या रांगेतल्यांना वाटलं, बाईंनीच माइक खाली घेतलाय, काहीतरी नवीन पद्धत असेल. शेवटच्या रांगेतून मामा उभे राहून दोन्ही हात हलवत होते, पण बघणार कोण? साउंडवाल्याने बिचाऱ्याने आवाज वाढवला, आणि स्पीकरमधून सभागृहभर कर्कश किंकाळी उठली. थोरली कानांवर हात ठेवून वळली आणि आत निघून गेली.

धाकटीने धावत येऊन माझ्या हातातून माइक उपसला, लोकांची माफी मागितली आणि मला घडी घालून आतल्या खोलीच्या दाराशी फेकलं. पुरावा गेला.

आतल्या खोलीत मामा म्हणाले, "तुझा आवाज गेला नव्हता. माइक खाली सरकत होता. मी या डोळ्यांनी पाहिलं."

"स्क्रू तूच आवळला होतास ना?" धाकटीने विचारलं.

"आवळला होता. शंभर मोजले."

"मग तो खाली येईलच कसा? मामा, एक तर तू आवळायला विसरलास, नाहीतर माइक खाली आलाच नाही. आवळलाही आणि खालीही आला, दोन्ही खरं कसं असेल?"

दोन्ही खरं होतं, मित्रांनो. मी तिथेच, दाराला टेकून होतो.

थोरली अगदी हळू बोलली. "राहू दे गं. मला बरं वाटावं म्हणून बोलतोय तो. माझा आवाज जाताना मी माझ्या कानांनी ऐकलाय."

"निदान विसरलो असं तरी म्हण, मामा," धाकटी म्हणाली. "म्हणजे हिला पटेल तरी."

"तीस वर्षांत एक लिफ्ट खाली येऊ दिली नाही मी," मामा म्हणाले. बस, एवढंच. सरावाच्या खोलीत सामान उतरवलं, पाने खिळ्याला टांगले आणि ते गेले. नंतर सात महिने ते आले नाहीत.

सात महिने त्या खिळ्याकडे तोंड करून मी उभा होतो. थोरली गाणं सोडून बसली. धाकटी एकटीच येऊन अकॉर्डियनवरची धूळ पुसायची, एखादा सूर वाजवायची आणि पेटी बंद करायची. एका घराचं बोलणं मी बंद पाडलं होतं, आणि ते कशासाठी, तर एका शाबासकीसाठी.

शेवटी धाकटीने खोली सोडायची ठरवली. सामान घ्यायला दुपारी एक बँडवाला येणार होता. त्याला नको असेल ते भंगारात. मामांना पाने घेऊन जायला बोलावलं होतं. थोरली तिचा मोजा न्यायला आली होती. तिघं अवघडून उभी. मामांनी पाने खिळ्यावरून काढले, दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"थोरले, एकदाच. माझ्यासाठी."

"मी गाणार नाही, मामा."

"गाऊ नकोस. याच्यावर माइक लाव, डोळे मीट आणि नुसते आकडे मोज. शंभरपर्यंत."

"आणि स्टँड शंभरपर्यंत टिकला तर?" धाकटीने विचारलं.

"तर मी विसरलो. लेखी देतो."

त्यांनी स्क्रू आवळला, तितकाच, अगदी जीव लावून. थोरलीने मोज्यातून माइक काढला, लावला, डोळे मिटले. एक. दोन. तिचा आवाज स्पीकरमधून खोलीभर पसरला. अहो, काय आवाज होता तो! जराही उणा झालेला नव्हता.

मी शंभरपर्यंत टिकू शकलो असतो. खोटं कशाला बोलू? टिकलो असतो, तर त्या बँडवाल्याच्या गाडीतून नव्या स्टेजवर गेलो असतो. वाकलो, तर भंगार. तीस झाले. पस्तीस झाले. मामांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

चाळीसला मी दम सोडला.

एक्केचाळीस, बेचाळीस. हात सरकायला लागला. आवाज पातळ झाला. सेहेचाळीसला थोरलीचा चेहरा पांढरा पडला. तिने चाचपडत मामांचा हात धरला. "ऐकतोयस ना? गेला बघ. परत गेला."

"डोळे उघड," मामा म्हणाले.

तिने उघडले. माइक तिच्या पोटापाशी होता आणि अजून खाली चालला होता. ती बघत राहिली. मग ती माझ्याबरोबर वाकली, गुडघ्यावर बसली, माइकपाशी तोंड नेलं आणि जोरात म्हणाली, "सत्तेचाळीस!" काचा दणाणल्या. "मामा! अरे, हा मेला वाकतोय! मी नाही, हा!" आणि फरशीवर बसून ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली.

धाकटी पुढे आली, तिने मामांच्या हातातले पाने काढून घेतले आणि पुन्हा खिळ्याला टांगले.

मामा माझ्या गुडघ्यातली चकती काढून नखाने घासत होते. "त्या दिवशी शंभर टिकला होता हा," ते पुटपुटले. "पण गाणं काय शंभराचं असतं? माझंही चुकलंच." नाही हो मामा, असं मला ओरडून सांगायचं होतं. तुमचं आकड्यांचं चुकलं असेल, लपवलं मी.

बँडवाल्याला दारातूनच परत पाठवलं. थोरली आता नव्या स्टँडवर गाते. मामा त्याला पाने टांगतात आणि पुरं गाणं होईपर्यंत मोजतात, तीनशे, साडेतीनशे. थोरली अजून डोळे मिटते, पण दर कडव्याला एकदा उघडून माइककडे बघून घेते. मला त्यांनी भंगारात दिलं नाही. सरावाच्या खोलीत दाराशी ठेवलं आहे, मामांच्या टोपीसाठी. गाणं सुरू होताना टोपी वर असते, संपताना जमिनीला टेकते. नवं कुणी वाजवायला आलं की मामा आधी त्याला ती टोपी दाखवतात.

मित्रांनो, स्टेजवर जाण्याआधी आपल्या सामानाला नुसतं हलवून बघू नका. त्याला गाण्याइतका वेळ द्या. त्याची वाळलेली चकती, सैल स्क्रू, झिजलेली वायर वेळेवर बदला. आणि कधी तुमच्याच गुडघ्यात कळ आली, तर साठाला आली की साठालाच सांगा. शाबासकीसाठी शंभराची वाट बघू नका.

परवा मामांनी टोपी टांगली आणि सवयीने माझ्या कण्यावर थाप मारली. मी लगेच वाकलो.