बिजलीचा कडक उपास

मी चोरी केली नाही. महिनाभर भुंकून भुंकून सांगितलं, पण घरातल्या एकालाही पटलं नाही. म्हणून आता तुम्हाला सांगते. मी बिजली बोलतेय. हसू नका, नाव ठेवलं तेव्हा मी ओंजळीत मावत होते.

जन्म कडा गावच्या बाजारात, टायरच्या दुकानामागं. सुकन्यानं मला दप्तरात घालून घरी आणलं. तिची आई वत्सलाबाई आधी ओरडली, मग वाटीत दूध घेऊन आली. या बाईचं सगळं असंच. तोंड पुढं, हात मागून.

माणसांची एक खोड सांगते. समोर कुत्रं बसलं की यांना घास गिळवत नाही. भाकरीचा पापुद्रा, चहातला टोस्ट, कालवणातला बटाटा, सगळं माझ्याकडं. नऊ वर्षांत मी अशी फुगले की ओटा चढताना धाप लागायची, गुडघे कुरकुरायचे.

मग मला जनावरांच्या रईस डॉक्टरांकडं नेलं. काटा एकतीस किलोवर गेला.

"ताई, हिला डाएटवर ठेवा. वजन उतरलं न्हाई तर पाय जातील हिचे. चघळायची सवय हाय ना? गाजर द्या, घेवड्याची शेंग द्या."

"डाएट म्हंजी उपासच की," वत्सलाबाई म्हणाली. "मला नका शिकवू. बावीस वर्षं चतुर्थी धरते मी."

इथंच माझं वाटोळं झालं.

घरी सुकन्यानं गाजर, शेंगा अन् दुकानातली चघळायची कांडी ओट्यावर मांडली. वत्सलाबाईनं एकेक बोटानं बाजूला सारलं. "घेवडा उपासाला चालत न्हाई. गाजराचं नक्की न्हाई. अन् ह्या कांडीत काय कालवलंय, देव जाणे."

"अगं आई, चालतंय का ते न्हाई बघायचं, हलकं हाय का ते बघायचं!"

"उपासाचं हलकंच असतंय!"

असं म्हणून तिनं उपासाचा डबा उघडला. खोबऱ्याची वाटी, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू. "खोबरं कडक हाय. चघळत बसंल."

मी काय करणार? बसले चघळत.

पंधरा दिवसांत पट्ट्याची भोकं संपली. वत्सलाबाईनं घर डोक्यावर घेतलं. "उपास करून कोण सुजतं? ही भवानी चोरून खाती!" मग नवऱ्याकडं वळली. "का तुमी चारता हिला?"

"मी?" आप्पारावांनी पेपर खाली केला. "मलाच कुठं पोटभर मिळतंय?"

"महिन्यानं काटा खाली आला न्हाई तर हिला शिरूर कासारला भावाच्या शेतावर सोडणार. पळंल तवा झडंल!"

ते शेत मी पाहिलंय. एक बाभूळ अन् दोन आडदांड कुत्रे. माझ्या गुडघ्यांनी तिथं आठवडासुद्धा काढला नसता. मी त्या डब्यासमोर बसून भुंकले. वत्सलाबाई म्हणाली, "बघा, अजून मागती!"

महिना भरला. काट्यावर चौतीस.

"काय काय चारलं?" डॉक्टरांनी चष्मा काढला.

"कायच न्हाई! कडक उपास. नुसतं खोबरं, चिक्की, लाडू."

"ताई, आमच्या रोज्यात दिवसभर तोंडात पाणीबी जात न्हाई. तुमच्या उपासात एवढं जातं?"

"चालतंय ते उपासाला!"

"माणसाला चालत आसंल. खोबऱ्याचा एवढा तुकडा म्हंजी हिची आख्खी भाकरी."

आप्पाराव हळूच म्हणाले, "मग शेतावर कोणाला सोडायचं?"

वत्सलाबाईनं माझ्यासाठी आणलेला लाडू पिशवीतून काढून त्यांच्या हातावर ठेवला.

मी घरीच आहे. सकाळी गाजर, संध्याकाळी घेवडा. चव विचारू नका. अर्धा किलो उतरलाय, ओट्याची एक पायरी जमते. तुम्हाला एवढंच सांगणं आहे, आमच्या तोंडाकडं बघून चारू नका. पोट भरलं तरी आमचं तोंड तसंच दिसतं. अन् मला चोर म्हणणाऱ्यांनी माझं दवाखान्याचं कार्ड वाचावं. सुकन्यानं ते भिंतीला चिकटवलंय. डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय, वजन वाढण्याचं कारण: वत्सलाबाई.