प्रवासाला निघालेल्यांची नावं

गावरिलनं अख्खा उन्हाळा औषधाच्या दुकानात घातला. चार वर्षं दुकानाला कुलूप होतं. आधीची बाई इटलीला लेकीकडे म्हणून गेली ती गेलीच, आणि तेव्हापासून वालेनी गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना रक्तदाबाच्या गोळीसाठीही तालुक्याची बस धरावी लागे. पण आता गावरिलची रुक्सांद्रा याश शहरातून औषधशास्त्राची पदवी घेऊन येणार होती. सरपंचांनी जागा फुकट दिली. गावरिलनं कपाटांना पांढरा रंग दिला आणि भेटेल त्याला सांगितलं, "सप्टेंबरात उघडतंय. आमची पोर बसणार."

पोरीला तेवढं विचारायचं राहिलं. विचारायचं तरी काय? गावरिल चर्चमध्ये गाणारा, आणि सहा वर्षांची असल्यापासून ती त्याच्या डाव्या हाताला उभी. तो चाल घेऊन वर जाई, ती खालचा एकच सूर धरून राही. ज्यानं भक्तीचं गाणं मन लावून ऐकलंय त्याला हे सांगायला नको: गाणारा कितीही उंच जाऊ दे, त्याचं घर त्या खालच्या सुरात असतं.

रुक्सांद्राच्या बॅगेत मात्र जर्मनीतल्या एका हॉस्पिटलचं नेमणूकपत्र होतं. तीन वेळा तिनं तोंड उघडलं.

"बाबा, एक बोलायचंय."

"रंगाचंच ना? दुसरा हात उद्या मारतो. फिकाच दिसतोय."

"रंगाचं नाही हो."

"मग पाटीचं. पाटीवर तुझं नाव मोठं टाकायला सांगितलंय. लाजू नकोस."

पुढं बोलवेना. शेवटी मरियामातेच्या सणाच्या आदल्या दिवशी तिनं, गाव सोडताना तिथल्या बाया करतात तेच केलं. चिठ्ठीवर 'प्रवासाला निघालेले' असं लिहून खाली आपलं नाव आणि 'जर्मनीला, कामासाठी' एवढं घातलं आणि चिठ्ठी पाद्र्यांच्या टोपलीत ठेवली. म्हातारे पाद्री असल्या चिठ्ठ्या आत, वेदीपाशी, ओठातल्या ओठात वाचत. देवाखेरीज कुणाला ऐकू जात नसे. तिला वाटलं, देवाच्या कानावर तर घालू, बाबांचं मग बघू. पण म्हातारे पाद्री ईस्टरनंतर निवृत्त झाले होते. नवे तरुण होते, खड्या आवाजाचे, आणि नावं लोकांसमोर वाचत. याच आठवड्यात याशहून घरी आलेल्या पोरीला हे कुठून कळणार?

सणाला चर्च भरलं होतं. बायाच जास्त. पाद्री वेदीच्या दारात आले.

"पाण्यावरून, वाटेनं, आकाशातून जाणाऱ्यांसाठी प्रार्थना करू या. स्पेनला असलेला इओनेल. इटलीतली मारिउका आणि तिची लेकरं." कागद बदलला. "जर्मनीला कामासाठी निघालेली रुक्सांद्रा."

खालचा सूर थरथरला. गावरिलनं मान वळवली नाही. अशा प्रत्येक विनवणीनंतर तीनदा उत्तर गायचं काम त्याचं, आणि सगळं चर्च त्याच उत्तरासाठी थांबलं होतं. पाद्र्यांनी चष्म्यावरून पाहिलं. पहिल्या बाकावरच्या साफ्ताआजीनं क्रूसाची खूण केली.

गावरिलनं श्वास घेतला. "प्रभो, दया कर," त्यानं गायलं. इतक्या वर्षांत हजारदा गायलं असेल, पण मागितलं ते आज. दुसऱ्यांदा आवाज चिरकला. तिसऱ्यांदा त्यानं ते पूर्ण केलं, एकही मात्रा न खाता.

बाहेर अंगणात जेवणाची टेबलं लागली होती. साफ्ताआजी काठी टेकत आली.

"काय रे गावरिल, मग दुकान?"

"नाही उघडत, आजी. पोर जर्मनीला चाललीय."

"हं." आजीनं रुक्सांद्राचा गाल कुरवाळला. "माझे तिघं तिकडंच. थंडी फार असते म्हणतात. लोकरीचे मोजे घे." आणि बसची वेळ कुणाला तरी विचारत ती पुढं गेली.

रुक्सांद्राला रडू आवरेना. "बाबा, मला वाटलं ते हळू वाचतील... तुम्हाला मीच सांगणार होते. रागवा तरी माझ्यावर."

गावरिलनं कोबीच्या पानातल्या भाताची ताटली तिच्यापुढं सरकवली. स्वतःचा घास त्यानं हातातच धरून ठेवला.

"कधी निघायचं?"

"गुरुवारी."

"गुरुवारी," तो म्हणाला. टेबलावरच्या मेणकापडाची सुरकुती त्यानं बोटानं सरळ केली. "घरी सांगायचं होतंस, पोरी. घरी मी नको म्हणालो असतो. ओरडलो असतो, दार आपटलं असतं. चर्चमध्ये त्या जागी उभं राहून मला नको म्हणता येत नाही."