पेट्रोलचं औषध

आमच्या घरात काळजी दोघींचीच घेतली जाते, एक स्कूटर आणि दुसरी मी. पहिला नंबर कोणाचा, यावर माझं आणि हेरंबचं लग्नापासून भांडण आहे.

हेरंब तेलाच्या जहाजावर फिटर आहे. चार-साडेचार महिने समुद्रावर, मग दोन-अडीच महिने भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत. स्कूटर त्याच्या वडिलांची, गिअरची. त्यांनी गिरणीत असताना घेतलेली. ती जिन्याखाली जाड कापड पांघरून उभी असते आणि हेरंब नसताना तिला कोणी हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही. मला तसंही चालवता येत नाही.

पूर्वी तो जाताना नुसता पेट्रोलचा कॉक बंद करायचा, की झालं. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं आणि ते आपल्या दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी उभीच राहिली की ते पाणी हळूहळू तळाला बसतं, कार्बोरेटरमध्ये चिकटा धरतो, जुनी रबरी नळी फुगते. दोनदा असं झाल्यावर हेरंबने नियमच केला. सहा महिन्यांच्या आत परतायचं असेल, तर टाकी ताज्या पेट्रोलने गळ्यापर्यंत भरायची, म्हणजे आत हवेला जागा राहत नाही. त्यात बाटलीतलं स्टॅबिलायझर मोजून घालायचं. आम्ही त्याला औषध म्हणतो. मग दहा मिनिटं इंजिन चालवायचं, म्हणजे औषध सगळीकडे पोचतं. शेवटी कॉक बंद करून इंजिन आपोआप विझेपर्यंत थांबायचं आणि टाकीच्या झाकणाला चिकटपट्टी लावायची. त्याहून जास्त दिवस जायचं असेल, तर औषधाच्या भरवशावर राहायचं नाही. टाकी रिकामी करायची, पुसून कोरडी करायची आणि गंज धरू नये म्हणून आतून ऑइलचा हात फिरवायचा. ही दुसरी पद्धत मी फक्त ऐकून होते. तशी वेळ कधी आली नव्हती.

दर वेळी हे सगळं तो मला शेजारी उभं करून करायचा. औषध मोजायचं काम माझं. थेंब इकडेतिकडे झाला की ओरडायचा, जसं काही मी सुईण आणि हा बाळाचा बाप. या एप्रिलमध्ये मात्र म्हणाला, "लते, तू मासळी घेऊन ये, मी उरकतो." मी पापलेट घेऊन परतले तोवर पट्टीसुद्धा लागली होती. मला वाटलं, चला, एकट्याने काम करायला शिकला. दुसऱ्या दिवशी तो गेला. गणपतीच्या आधी येतो म्हणाला.

मला त्याची आठवण येते, हे सांगायला मी लाजत नाही. पहिला महिना बरा जातो. घर आवरलेलं राहतं, टीव्हीचा रिमोट माझ्याकडे असतो. दुसऱ्या महिन्यात मी त्याच्या उशीवर डोकं ठेवून झोपायला लागते. तिसऱ्यात मला त्याचं घोरणं हवंसं वाटतं, आणि यापेक्षा वाईट अवस्था बायकोची होऊ शकत नाही. चौथ्यात मी फक्त दिवस मोजते. घरी आला की पहिल्या संध्याकाळी आम्ही स्कूटरवरून शिवडीच्या धक्क्याकडे जातो. चार महिने समुद्र बघून आलेला माणूस पुन्हा समुद्र बघायला जातो, यावर मी दर वेळी त्याची टर उडवते. पण मागे बसून त्याच्या पाठीला नाक लावलं की मला बाकी काही नको असतं.

तो यायला आठ दिवस उरले, तेव्हा मी शिवाला बोलावलं. नाक्यावर त्याचं गॅरेज आहे. गाडी तयार दिसली की हेरंबचा चेहरा फुलतो, म्हणून हा खटाटोप. शिवाने पट्टी सोलली, झाकण उघडलं आणि मोबाईलचा टॉर्च आत मारला.

"वहिनी, ही तर ठणठणीत कोरडी आहे."

"चोरलं असणार कोणीतरी मेल्याने."

"पट्टी तशीच होती ना? आणि चोर काय आतून ऑइल लावून जातो होय?"

मी बोट आत घातलं. बोटाला ऑइल लागलं. वर जाऊन कपाट उघडलं. औषधाची बाटली तिथेच होती, सील न तोडलेली. चाळीत चार लोकांनी बघू नये म्हणून मी दार लावून घेतलं आणि मग रडले.

संध्याकाळी जहाजावरचं नेट लागलं.

"लते, बोल. काय चाललंय?"

"टाकी उघडली."

त्याच्या मागे कसलंसं मशीन घरघरत होतं.

"कधी येणारेस, हेरंब?"

"अगं, मी सांगणारच होतो..."

"कधी?"

"फेब्रुवारी एंडला."

मग तो भडाभडा बोलायला लागला. त्याला इंजिनीअरच्या परीक्षेला बसायचंय, त्यासाठी समुद्रावरचे महिने कमी पडतायत, वय त्रेचाळीस झालंय, ही शेवटची संधी, म्हणून दहा महिन्यांच्या करारावर सही केली. सगळं खरं असणार. तो खोटं बोलणारा माणूस नाही, तो मूग गिळून बसणारा माणूस आहे. लग्नाचं विचारायलासुद्धा त्याने मित्राला पाठवलं होतं.

"जाताना का नाही सांगितलंस?"

"तू रडली असतीस. मला मग पाय निघाला नसता."

"म्हणजे स्कूटर रडत नाही म्हणून तिला खरं सांगितलंस?"

"असं काय बोलतेस, लते?"

"मग कसं बोलू? स्कूटरची तयारी तू फेब्रुवारीपर्यंतची करून गेलास आणि माझी गणपतीपर्यंतची. मला माहीत असतं तर मी दहा महिन्यांचं मन केलं असतं ना रे. केलं असतं मी. जमलं असतं मला."

तो रडत होता की नेट गेलं होतं, मला कळलं नाही. नंतर फोनच कट झाला.

सकाळी मी शिवाला फेब्रुवारीचं सांगितलं आणि म्हटलं, "चल, पेट्रोल भरायचंय."

"आता कशाला? साहेब येणारेत तेव्हा भरू की."

"चल म्हटलं ना."

आम्ही दोघांनी ती परळच्या पंपापर्यंत ढकलत नेली. लोक बघत होते. बघू देत. टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली, या जुन्या इंजिनाला लागतं तेवढं ऑइल मिसळलं आणि तिथेच फोटो काढून हेरंबला पाठवला. खाली लिहिलं, "फुल केली. औषध घातलेलं नाही."

दोन तासांनी उत्तर आलं. तोवर शिवाने गॅरेजसमोर प्लग साफ केला होता, कार्बोरेटर धुतला होता. मी स्टुलावर बसून होते. हेरंबने लिहिलं होतं, "लते, चुकलो. माफ कर. पण औषध घाल, फेब्रुवारीपर्यंत नाही टिकायचं ते पेट्रोल."

मी ते तीनदा वाचलं. माफीच्या पुढे त्याने 'पण' लिहिलं होतं. तो येणार नव्हता. इतका वेळ मी वेड्यासारखी वाट बघत होते की फोटो बघून तो म्हणेल, बॅग भरतो, उतरतो पुढच्या बंदराला. असं कोणी उतरत नाही, हे मलाही माहीत आहे.

शिवाने किक मारली. पहिल्या पाच फुकट गेल्या, सहाव्या किकला ती धूर सोडत सुरू झाली. मी उठले, पदर खोचला आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. स्टँडवर लावलेली गाडी थरथरत होती. पुढची सीट धरायची माझी सवय, ती मी धरली.

शिवा अवघडून म्हणाला, "वहिनी, बंद करू? फुकट पेट्रोल जळतंय."

"जळू दे," मी म्हटलं. "ठेवायला नाही भरलंय."