'प्लस दोन' समजणारा प्रोग्रॅम

बुधवार, १८ जून २०२५, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. नागापूर एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर पंचवीस मिलिमीटर व्यासाचे साठ बुश, म्हणजे धातूची लहान नळकांडी, मांडले होते. तीस पुण्याच्या कंपनीच्या प्रोग्रॅमवर तपासायचे, तीस मी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमवर. ज्याच्या चुका जास्त, तो बाद, असे मालक रंगनाथशेठ यांनी ठरवले होते. माझा बाद झाला तर नोंदी कंपनीचा माणूस करणार आणि तपासनीस दयाताई पॅकिंगला जाणार. बदलीचा कागद तयारच होता.

पुण्याच्या कंपनीचा पार्थ हसला. "काका, वेबपानाचा प्रोग्रॅम करून देणारं ते इलेक्ट्रॉन वापरलंय? एका तक्त्यासाठी अख्खा ब्राउझर पोटात!"

"जड आहे, मान्य. समोर वेबपान, मागे 'नोड' नावाचा भाग नोंदी थेट डिस्कवर लिहितो. प्रोग्रॅम लिहायला चौसष्टाव्या वर्षी शिकलो, तंत्रनिकेतनात लेथ शिकलो त्याच शिस्तीने. आणि दयाताईंना विचारून केला. तुम्ही कोणाला विचारलंत?"

पार्थने आपला प्रोग्रॅम उघडला.

त्याच्या प्रोग्रॅमवर दयाताईंनी सवयीने २ दाबला. पडदा लाल; त्याला २५.०२ असे पूर्ण माप हवे होते. आमच्याकडे माप फरकानेच सांगतात. 'प्लस दोन' म्हणजे दोन शतांश मिलिमीटर जास्त. माझ्या पहिल्या आवृत्तीतही हीच चूक होती. "सर, एका हातात बुश, दुसऱ्यात मायक्रोमीटर. पूर्ण आकडा काय नाकानं टाईप करू?" असे म्हणून त्यांनी ती महिनाभर उघडली नव्हती.

"पूर्ण माप टाका, मॅडम," पार्थ म्हणाला.

त्यांनी टाकले. तीस नगांत दोन नोंदी चुकल्या: बाराव्या नगाला २५.०२चे २५.२० झाले, सतराव्याला २५.०१चे २५.१०.

"होईल सवय," पार्थ म्हणाला.

"एकवीस वर्षांची सवय हाय माझी," दयाताई म्हणाल्या. "आता तुमच्या डब्यानं करावी."

शेठ चुळबुळले. "सर, कंपनीचं नाव मोठं आहे. दोन चुकांवरून नको कसं म्हणू?"

"आकड्यांवर ठरेल, हे तुमचेच शब्द. नाव मोजायचं साधन माझ्याकडे नाही. माझे तीस नग झाल्याशिवाय मी येथून हलणार नाही."

माझा प्रोग्रॅम उघडायला अकरा सेकंद लागले. पार्थने ते मोठ्याने मोजले. नंतर मात्र दयाताई एका बोटाने फक्त फरकाचा आकडा दाबत गेल्या, २ दाबला की प्रोग्रॅम २५.०२ लिहीत गेला, आणि पार्थला मोजायला सवड मिळाली नाही.

शेठनी तीसही नग स्वतः पुन्हा मोजले, नोंदींशी ताडले आणि बदलीचा कागद फाडला.

चुकीच्या नोंदी: शून्य.