एकतिसाव्या पानावरची चूक

मी बोलतेय, बावन्न पानांची पुस्तिका. घानातल्या खाडीकाठच्या एका गावाचा इतिहास माझ्यात आहे. दोनशे प्रती निघाल्या होत्या. आता गावच्या सार्वजनिक वाचनालयात मी एकटीच उरलेय.

मला दोत्से मास्तरांनी लिहिलं. माणूस सरळ होता, खोटं त्याच्या तोंडून निघायचं नाही. पण तो महिनाभर गावप्रमुखांच्या अंगणात बसून पुरुषांनाच विचारत राहिला. बायका पलीकडे मासे धुरावर वाळवत होत्या. तिकडे काही तो गेला नाही.

पुढची चाळीस वर्षं मी कपाटात पडून होते. मला कुणी हात लावला नाही. कसर मात्र लागली.

मग सेलासीबाई वाचनालयात आल्या. भारी शिस्तीच्या. पुस्तकात रेघ मारली म्हणून त्यांनी शाळेच्या मुख्याध्यापकांनाही दाराबाहेर काढलं होतं. दर शनिवारी त्या गावकऱ्यांना इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात लिहायला शिकवत. "आपल्या गावाबद्दल जगाला एक ओळ सापडत नाही. आपण नाही लिहायचं तर कोणी?" असं म्हणत. फक्त तिथे प्रत्येक वाक्याखाली छापील आधार लागतो. म्हणून त्यांनी मला बाहेर काढलं. खरं सांगते, मी हरखून गेले.

एका शनिवारी त्यांनी माझं एकतिसावं पान वाचून दाखवलं. मोठ्या पुरात तोग्बी अडेला या गावप्रमुखांनी स्वतः होडी हाकून चाळीस माणसं वाचवली, असं त्यावर आहे. ते त्यांनी ज्ञानकोशात घातलंही.

"कोणी हाकली म्हणालीस?" मागून नुनाना आजींनी विचारलं. सत्तरीच्या आजी, केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, विकून परस्पर तिथे आल्या होत्या.

"तोग्बींनी, आजी. हे बघा ना, छापलंय."

"छापलंय ते दिसतंय मला. तोग्बी होते होडीत. डोळे मिटून बसले होते. वल्हं माझ्या आईच्या हातात होतं, अक्पेनेच्या. मी तिच्या पायाशी होते, नऊ वर्षांची. आम्हाला उतरवून ती पुन्हा गेली, ती परत आली नाही."

मला माझीच लाज वाटली.

सेलासीबाईंनी लगेच ती ओळ खोडून अक्पेनेचं नाव लिहिलं. सोमवारी पाहतात तर कुठल्या तरी दूरच्या माणसाने तोग्बींना परत आणून बसवलेलं. कारण दिलं होतं, छापील आधार नाही. आणि तोग्बींना आधार कोण, तर मी!

"म्हणजे मी होडीत होते, हा आधार नाही?" पुढच्या शनिवारी आजींनी विचारलं. "बरं. मी मेले की मग कोणाला विचारणार आहेत?"

सेलासीबाईंनी माझं एकतिसावं पान उघडलं, आपलं पेन काढलं आणि आजींच्या हातात दिलं. "लिहा, आजी."

"पुस्तकात?"

"पुस्तकातच."

आजींनी समासात सावकाश लिहिलं, 'हे खरं नाही. होडी माझी आई अक्पेने हाकत होती. मी होडीत होते. नुनाना.' निब जोरात रुतली, कागद फाटता फाटता राहिला. पण इतक्या वर्षांत इतकं खरं माझ्यावर कुणी लिहिलं नव्हतं. बाईंनी खाली तारीख टाकली आणि वाचनालयाचा शिक्का मारला.

एवढ्याने ज्ञानकोश ऐकत नाही, हे बाईंना ठाऊक आहे. म्हणून त्या हल्ली दारोदार फिरतात. त्या होडीतली आणखी चार माणसं हयात आहेत. त्यांचं बोलणं टिपून एका इतिहास-संशोधकाकडे दिलंय. तो तपासून पुस्तक छापणार आहे. छपाईला वेळ लागतोय. तोवर पडद्यावर होडी तोग्बीच हाकताहेत.

वाचकांनो, छापलेलं आहे म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्याही वाचनालयात माझ्यासारख्या असतील. त्यांना उघडा, आणि ज्यांना कुणी विचारलं नाही त्यांना आजच जाऊन विचारा. मला खोटी ठरवणारं पुस्तक शेजारी येऊन बसलं, तर मी आनंदाने सरकून जागा देईन.

फक्त लवकर करा. आजी दर शनिवारी येतात, खुर्चीला धरून उभ्या राहतात आणि विचारतात, "आली का गं माझी आई त्यात?"

"अजून नाही, आजी," सेलासीबाई सांगतात.