कामावर गेलेला दिवा

प्रदर्शन उघडायची वेळ झाली होती आणि धाकटीचं सगळं लक्ष एका दिव्यावर होतं. कारखान्यांतल्या टाकाऊ वस्तूंपासून घराच्या शोभेच्या वस्तू करणं हा तिचा व्यवसाय. पण हल्ली गिऱ्हाईक भलतंच चोखंदळ झालेलं. वस्तू नुसती कारखान्यातली असून भागत नव्हतं, वापरून वापरून झिजलेली हवी! हा दिवा तसाच होता. पिवळी लोखंडी जाळी, रंग उडालेला, वर पुसट अक्षरं : ‘हात आत घालू नका’. जाळी दादाने आणून दिली होती. तो पत्र्याची झाकणं कापणाऱ्या प्रेसवर कामाला. भंगारातलं नको, रोजच्या वापरातलं काहीतरी आण, असा हट्ट तिनेच धरला होता, आणि बहिणीचा शब्द खाली पडू द्यायचा नाही ही दादाची जुनी खोड.

कौतुकाने आलेली वहिनी दिव्याखाली थबकली. लग्नाआधी तीही त्याच कारखान्यात पॅकिंगला होती.

“ही तर यांच्या मशीनची जाळी.”

“हो. बदलायचीच होती म्हणाला दादा.”

“मग नवी कुठे लावलीय? परवाच म्हणत होते, हल्ली मध्ये काही येत नाही, हात भरभर चालतो.”

धाकटीने घाईघाईने फोन लावला. दादाची दुपारपाळी चालू होती. त्याचा फोन कपाटात बंद, कारखान्याचा कुणी उचलेना. तेवढ्यात पहिलं गिऱ्हाईक आत आलं आणि नेमकं त्याच दिव्यापाशी थांबलं. खोटं कशाला बोला, धाकटी क्षणभर घुटमळली.

वहिनी हळूच म्हणाली, “झिजलीय म्हणून सुंदर दिसते ना? तुझ्या दादाच्या हातांऐवजी झिजलीय ती.”

धाकटी स्टुलावर चढली. बल्ब काढला, वायर सोडवली आणि जाळी काखेत मारून गाडीकडे धावली. वहिनी मागोमाग.

कारखान्याच्या फाटकापर्यंत प्रेसचा धाड धाड आवाज येत होता. त्या आत शिरल्या आणि तो अचानक बंद पडला. वहिनीने तिचं मनगट घट्ट धरलं. दादा पाठमोरा उभा होता, हात दिसत नव्हते. मग तो वळला. चहाची सुट्टी झाली होती आणि तो फडक्याला हात पुसत होता. दहाही बोटं जागेवर!

“अगं, इतकी वर्षं झाली, मला काय होतंय?” तो हसला.

धाकटीला हसू आलं नाही. “चुकलं माझं, दादा. आधी ही लाव, मग चहा घे. तोवर मी इथून हलणार नाही.”

बायकोचे भरलेले डोळे पाहून दादाने मुकाट्याने पाना उचलला.

संध्याकाळी प्रदर्शनात त्या जागी नुसता बल्ब लोंबत होता. किमतीची चिठ्ठी उलटी करून धाकटीने तिच्यावर लिहिलं होतं, ‘हा दिवा कामावर गेला आहे.’ लोक सगळ्यात जास्त वेळ तिथेच थांबत होते.

मंडळी, टाकाऊतून टिकाऊ जरूर करा, हौसेने विकत घ्या. पण वस्तू खरोखर टाकाऊ होती ना, एवढं आधी विचारा. नाहीतर आपल्या घरात उजेड पडायचा आणि दुसऱ्याच्या घरात कायमचा अंधार.